वाट पाहण्याचं खातं

पत्र सकाळी साडेनवाला आलं, आणि ते पत्र होतं हीच पहिली पंचाईत. कंपनीच्या तक्रारींच्या त्या वेबपानावर पत्र कोणी लिहीत नसे. तिथे जगभरातले प्रोग्रामर येऊन तक्रारी टाकत, त्याही इंग्रजीत, तुटक आणि बहुधा उर्मट. अमुक ओळीत घोळ आहे, तमुक चालत नाही, कोणी लक्ष देणार आहे की नाही. ओफेलिया बेन्तांकोरला अकरा वर्षांत त्या सुराची सवय झाली होती. शेजारणीच्या कुरकुरीकडे देतो तितकंच लक्ष ती त्याकडे द्यायची, म्हणजे ऐकून सोडून द्यायची आणि दुपारपर्यंत दुरुस्तही करून टाकायची. आणि त्या रांगेत आज मध्येच हे स्पॅनिशमधलं, वर गावाचं नाव आणि तारीख घालून, मायन्यासकट लिहिलेलं: 'वाट पाहण्याच्या खात्याच्या प्रमुख सेन्योरा बेन्तांकोर यांस, सादर नमस्कार.' ती हसली. एकटीच होती म्हणून जरा मोठ्यानेच हसली. जुलैचा, म्हणजे तिथल्या हिवाळ्याचा, वारा नदीवरून येऊन खिडकीच्या फटीत शिट्टी घालत होता, टेबलाखाली गॅसची शेगडी फुरफुरत होती, हातातली येर्बा, तिकडचा पानांचा चहा, अजून पहिल्या पाण्याची कडू होती. जुन्या मॉन्टेव्हिडिओतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी कोणी येत नसे. बाकीचे घरून काम करत. तिला घरून काम करायला आवडत नसे, कारण घरात काम संपल्यावर जायला दुसरी जागा उरत नाही.

पुढचं वाचताना हसू राहिलं नाही. लिहिणाऱ्याचं नाव आरियेल फागुंदेस, वय एक्याऐंशी, उत्तरेकडे ब्राझीलच्या हद्दीजवळच्या पासो दे लोस तालास या गावचा. तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर तो ध्वनियंत्रं सांभाळायचा, आता निवृत्त. त्याची बहीण निल्दा त्या केंद्रावर सव्वीस वर्षं निवेदिका होती. तिच्या आवाजाच्या फिती मध्यंतरी जिल्ह्याच्या सांस्कृतिक कचेरीने मशीनवर उतरवून ओफेलियाच्या कंपनीच्या क्लाउडमध्ये ठेवल्या. फितींना बुरशी लागली होती आणि खोली हवी होती, म्हणून नंतर त्या टाकून दिल्या. फेब्रुवारीच्या वीस तारखेला कंपनीने जुनं कोठार बंद करून सगळं नव्या कोठारात हलवायला घेतलं. कचेरीतल्या बाईंनी त्याला एक छोटी खिडकी बनवून दिली होती, ती उघडली की काम कुठवर आलं ते दिसतं. त्या बाई पुढे बदलून गेल्या. 'मी रोज सकाळी पाहतो. 'चालू आहे' असं येतं. माझी तक्रार काही नाही. आपलं नाव त्या प्रोग्रामच्या फाइलीच्या डोक्यावर वाचलं, म्हणून लिहिण्याचं धाडस केलं. साधारणपणे किती दिवस वाट पाहण्याची पद्धत आहे एवढं कळवावं, म्हणजे त्या बेताने राहता येईल.' खाली फोन नंबर होता, आणि त्याखाली बत्तीस अक्षरांचा पावती क्रमांक, चार-चार अक्षरांनंतर जागा सोडून, म्हणजे वाचणाऱ्याची नजर चुकू नये. आज जुलैची सोळा तारीख होती.

पावती हा तिचाच शब्द. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामरांनी आयता वापरावा असा कोडचा संच, आणि त्या संचातला सगळ्यात नावडता कोपरा तिच्याकडे होता. दूरच्या मशीनांना सांगितलेली पुष्कळशी कामं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात. पण काही कामं दांडगी असतात, त्यांना तास लागतात, दिवस लागतात. अशा कामाला मशीन उत्तर देत नाही, पावती देतं आणि म्हणतं, अधूनमधून येऊन विचारा. ती पावती प्रोग्रामच्या हाती कोणत्या रूपात द्यायची, किती वेळाने पुन्हा विचारायचं, आणि आलेल्या उत्तराला काय म्हणायचं, हे ओफेलियाने ठरवलं होतं. आधी एका सेकंदाने विचारायचं, मग दोनने, मग चार, मग आठ, असं दुपटीने वाढत जाऊन शेवटी दहा मिनिटांवर स्थिर. सतत विचारत राहिलं तर सर्व्हरवर ताण येतो. लोकही असंच करतात, आधी रोज विचारतात, मग आठवड्याने, मग आठवण झाली की. उत्तरं तीनच: चालू आहे, झालं, फसलं. आणि चौथं काही आलं तर? सर्व्हरवाले उद्या एखादा नवा शब्द काढतील, जुन्या प्रोग्रामना तो ठाऊक नसेल, ते अडखळून पडतील. तेव्हा नियम असा: तीन शब्दांपैकी जे नाही, ते 'चालू आहे' समजावं. एका ओळीचा नियम होता. ती ओळ लिहिताना आपण काही चांगलं करतो आहोत असंच तिला वाटलं होतं.

पावती क्रमांक टाकून तिने सर्व्हरला स्वतः विचारलं, लायब्ररीला बाजूला ठेवून. उत्तर आलं, 'अशी पावती नाही.' अक्षर चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा टाकला. म्हाताऱ्याचं एकही अक्षर चुकलं नव्हतं. मग तिने सर्व्हरच्या बाजूला काम करणाऱ्या, दुसऱ्या खंडावरच्या एका बाईला विचारलं. त्या बाईने जुनी नोंद काढून दिली, आणि ती वाचताना ओफेलियाच्या हातातली येर्बा गार झाली. सामान नव्या कोठारात मार्चच्या तीन तारखेलाच पोचलं होतं. जुनं कोठार रिकामं करून टाकलं होतं. नवं उघडण्याआधी मालकाने एकदा होकार द्यायचा, असा नवा नियम सर्व्हरवाल्यांनी जानेवारीत आणला होता, आणि त्यासाठी नवा शब्दही काढला होता: 'मालकाच्या होकारासाठी थांबलं आहे.' होकार साठ दिवसांत आला नाही तर सामान बेवारस समजून पुसून टाकायचं. सूचनेचा मेल सांस्कृतिक कचेरीतल्या त्या बदलून गेलेल्या बाईंच्या पत्त्यावर गेला होता. साठ दिवस सर्व्हर दर दहा मिनिटांनी 'थांबलं आहे, होकार द्या' म्हणत होता, आणि ओफेलियाची ओळ तो शब्द ओळखीचा नाही म्हणून पासो दे लोस तालासच्या म्हाताऱ्याला 'चालू आहे' असं सांगत होती. मेच्या दोन तारखेला सगळं पुसलं गेलं. तेव्हापासून सर्व्हर म्हणत होता, अशी पावतीच नाही. तेही तीन शब्दांत बसणारं नव्हतं. म्हणून तेही चालू आहे. परत आणता येईल का, या प्रश्नाला त्या बाईने एका शब्दाचं उत्तर दिलं आणि मागे एक उदास चेहऱ्याचं चित्र लावलं.

ओफेलियाला पहिल्यांदा आठवली ती आई, आणि याचा तिला रागच आला. प्रत्येक वेळी ही बाई अशी मधे येते. ओफेलिया नऊ वर्षांची असताना बाप सिडनीला गेला. तिथे कारखाने होते, तिथे उन्हाळा डिसेंबरातच असतो म्हणजे इथल्यासारखाच, तिथे घराला मागे अंगण असतं. तो आधी जाणार, कागद करणार, मग दोघींना नेणार. कागद म्हणजे काय ते ओफेलियाला ठाऊक नव्हतं, पण ते कुठेतरी दूर आपसूक होत असतात एवढं कळलं होतं. रात्रीच्या जेवणाला ती विचारायची, कागद झाले? आई मिलानेसाचा, तळलेल्या मांसाचा, तुकडा तिच्या ताटात सरकवत म्हणायची, चालू आहे. आधी आई दर सोमवारी वकिलातीच्या कचेरीत जाऊन यायची, मग महिन्याने, मग वर्ष संपताना एकदा, चांगला कोट घालून. दरम्यान घराला रंग द्यायचा नाही, कारण आपण जाणारच. गळक्या न्हाणीघराचं भिजत घोंगडं तसंच पडलेलं, कारण जाणारच. शाळेत मैत्रिणी करून काय करायचं, दोन महिन्यांनी त्यांना रडवायचं? फक्त इंग्रजी शिकायचं, झाडून सगळ्या गोष्टी सोडून इंग्रजी. नऊ ते वीस ही वर्षं तिने स्टेशनवर बसलेल्या माणसासारखी काढली. विसाव्या वर्षी एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण हल्ली विचारत नाही, आणि आईही सांगत नाही. त्यावर कधी बोलणं झालं नाही. आई गेली तेव्हा कपाटाच्या खणात, विजेच्या बिलांखाली, वकिलातीचं पत्र सापडलं: अर्जदाराने कुटुंबासाठीचा अर्ज स्वतःहून मागे घेतला आहे, १९८८. म्हणजे ओफेलिया अकरा वर्षांची असताना. म्हणजे पुढची नऊ वर्षं आई ठाऊक असूनही 'चालू आहे' म्हणत होती, मिलानेसा वाढता वाढता, आवाज न बदलता.

आणि गंमत अशी, की ते पत्र वाचून तिला आईची दया आली होती. केवढं ओझं एकटीने वाहिलं बाईने, असं वाटलं. पोरीला आशेवर वाढवलं, सत्यावर वाढवलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. हे तिने इतक्यांदा स्वतःला सांगितलं होतं की ते खरंच वाटायला लागलं होतं. आता, गार झालेली येर्बा हातात धरून, तिला पहिल्यांदा दिसलं की आईने जपली होती ती पोर नव्हे. आईला ते वाक्य तोंडाने उच्चारायचं नव्हतं, एवढंच होतं ते. नवरा येणार नाही, हे शब्द स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या कानांनी ऐकायचे नव्हते. आणि त्यापायी पोरीची नऊ वर्षं गेली. घराला रंग नाही, मैत्रीण नाही. आई दुष्ट असती तर बरं झालं असतं.

लायब्ररीतली ती ओळ लिहिली त्या दिवशी या टेबलाशी तेचेराही होता. वॉशिंग्टन तेचेरा. त्याच्या आईबापांना ते नाव भारदस्त वाटलं म्हणून ठेवलेलं, आणि जन्मभर तो ते लपवत आडनावावर भागवायचा. चार वर्षं दोघांनी येर्बासाठी एकाच थर्मासातलं पाणी वापरलं होतं. तेचेराचं म्हणणं सरळ होतं, की जे कळत नाही त्याला 'कळत नाही' म्हणावं. चौथी अवस्था ठेवावी. ओफेलियाने विचारलं, माणूस 'कळत नाही' घेऊन काय करणार? 'चालू आहे' म्हटलं तर निदान शांत बसेल. तेचेरा म्हणाला, शांत बसवणं हे आपलं काम नाही. तीन दिवस हा वाद चालला, त्याने चौथ्या अवस्थेचं कोड लिहून पुढेही ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी ती असं काही बोलली की तो गप्प झाला. खात्याची मुख्य ती होती. तिने त्याचा प्रस्ताव बंद केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वापरणाऱ्याला विनाकारण घाबरवणं.' चार महिन्यांनी तो नोकरी सोडून सरकारी शाळेत गणित शिकवायला लागला. त्याचा आणि या वादाचा संबंध नाही असं दोघांनीही ठरवून टाकलं होतं, आणि त्यानंतर सहा वर्षांत दोघांनी एकमेकांना फोन केला नव्हता.

अकराच्या सुमाराला तिने दुरुस्ती केली. होकारासाठी थांबलेली अशी चार हजारांवर कामं सर्व्हरवर आजही पडून होती, त्यांतल्या बहुतेकांचे साठ दिवस अजून भरायचे होते, आणि त्या चार हजार जणांना तिची ओळ या क्षणी 'चालू आहे' सांगत होती. तिने नवं काही लिहायला घेतलं आणि थांबली. तेचेराचा जुना प्रस्ताव बंद ढिगात जसाच्या तसा होता. तिने तो उघडला, वाचला, त्यातला स्वल्पविरामही न हलवता घेतला. अकरा ओळी होत्या. चाचण्या झाल्या, नवी आवृत्ती बाहेर पडली. ज्यांची मशीनं सांभाळणारं कोणी होतं त्यांना आता खरं कळणार होतं. पासो दे लोस तालासला नवी आवृत्ती बसवणारं कोणी नव्हतं. तिथे ती खिडकी जुन्याच ओळीवर चालत राहणार, दर दहा मिनिटांनी नसलेल्या पावतीची चौकशी करत राहणार, आणि आरियेल फागुंदेसला रोज सकाळी तेच सांगणार. म्हणजे कोणीतरी तोंडाने सांगितल्याशिवाय त्याला कधीच कळणार नव्हतं. आणि सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं.

आधी तिने तेचेराला फोन लावला. का लावला ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. कोणीतरी रागवावं असं वाटत असेल. मधली सुट्टी असावी, मागे अंगणात पोरांचा कल्ला चालला होता.

"सहा वर्षांनी फोन," तो म्हणाला. "कोण गेलं गं?"

तिने सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, मग आजचं. मी म्हटलं नव्हतं का, हे वाक्य येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. ते आलं नाही. कल्ला जरा दूर गेला, तो कुठल्यातरी वर्गात शिरला असावा.

"तू मला तेव्हा काय म्हणाली होतीस, आठवतं?"

"आठवतं."

"तुझ्या घरी कोणी कुणाची वाट पाहिलेली नाही, म्हणून खरं बोलायची चैन तुला परवडते. असं म्हणाली होतीस."

"मी म्हटलं ना, आठवतं."

"माझी मामी अजून पाहते गं. मामाला लष्करवाल्यांनी पंचाहत्तर साली नेलं. दर सरकार म्हणतं, तपास चालू आहे." तो हसला, पण त्या हसण्यात तिला बोचेल असं काही नव्हतं, आणि त्यामुळेच ते सोसवेना. "मी तुला सांगितलं नव्हतं, एवढंच. ऑफिसात काय सांगायचं असतं ते."

तिने माफी मागितली. ती फोनवरून गेली आणि कुठे पोचली की नाही, कळलं नाही. मग तिने विचारलं, म्हाताऱ्याला कसं सांगू. पत्राने नको, फोन कर, एवढं तो म्हणाला. आणि काय बोलू, असं विचारल्यावर त्याचा जुना खवचट सूर परत आला.

"ते मला नको विचारूस, बाई. वाट पाहण्याच्या खात्याची प्रमुख तू आहेस. मी गणिताचा मास्तर." तेवढ्यात घंटा झाली.

जेवायच्या सुट्टीत ती नदीकाठच्या रस्त्यावर गेली. जेवली नाही. गार वाऱ्यात थर्मास काखेत मारून माणसं नेहमीसारखी चालत होती, कठड्यावर दोघे गळ टाकून बसले होते, पाणी तपकिरी होतं. आणि तिच्या मनात तो विचार आला, जो यायचाच होता. न सांगितलं तर? एक्याऐंशी वर्षांचा माणूस. तक्रार काही नाही असं स्वतः म्हणतो. सकाळी उठतो, खिडकी उघडतो, बहिणीचा आवाज वाटेवर आहे असं समजतो, त्या बेताने दिवस काढतो. अजून किती दिवस काढेल, चार वर्षं, पाच? 'मोठ्या कामांना वेळ लागतो, धीर धरावा' असं दोन ओळींचं उत्तर लिहिलं की झालं. झाकली मूठ. आपण त्याला काही द्यायला गेलो तर देण्यासारखं काहीच हातात नाही, जे आहे तेही काढून घ्यायचं फक्त. इतकी सोपी, इतकी माणुसकीची वाटणारी गोष्ट होती ती, की ती चालता चालता थांबली. मिलानेसाचा वास आला. समोरच्या खानावळीतून आला असेल. ती तशीच परत फिरली, लिफ्टची वाट न पाहता जिन्याने वर गेली आणि कोट न काढता नंबर फिरवला. कोट काढला असता तर कदाचित फिरवला नसता.

त्याने फोन लगेच उचलला. आवाज खणखणीत होता, आवाजाच्या धंद्यातल्या माणसाचा. नाव ऐकल्यावर तो इतका ओशाळला, इतक्या मोठ्या पदावरच्या बाईंनी स्वतः फोन करावा याचा त्याला इतका संकोच झाला, की तिला पहिली दोन मिनिटं बोलताच आलं नाही. घाई काही नाही, तो म्हणत होता, आम्हाला सवय आहे वाट पाहण्याची. आमचं गावच वाट पाहणाऱ्यांचं. निल्दाचा सगळा कार्यक्रमच मुळी त्यासाठी होता. रोज दुपारी बाराला, रानातल्या लोकांसाठी निरोप. तेव्हा मळ्यांवर फोन नव्हते, बॅटरीवरचे रेडिओ होते. सिल्वेरा कुटुंबास, गुरुवारच्या बसने पिठाचं पोतं पाठवलं आहे. दोनिया एल्वीराच्या लेकास, आईचं ऑपरेशन नीट झालं. त्यासाठी बाराला लोक नांगर सोडून बसायचे. निल्दा प्रत्येक निरोप दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा जरा हळू, कारण वारा असला की पहिला ऐकू जात नाही. लग्न केलं नाही तिने. भाऊ-बहीण एकाच घरात राहिलो, तो म्हणाला, भांडलो पुष्कळ. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. घरात तिचा एक फोटो आहे, पण फोटोत काय, निल्दा म्हणजे आवाज.

"आणि नियमाची पक्की होती हो," तो म्हणाला. "कोणी मेलं, तरी मेलं असं रेडिओवर म्हणायचं नाही. मरणाचा निरोप आला की ती वाचायची, प्रकृती गंभीर, लवकर निघा. एवढंच."

"का?" ओफेलियाने विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"माणूस घोड्यावर असतो, सेन्योरा. सात कोस यायचं, मधे नदी. मेल्याचं ऐकून कोण धड घोडा हाकेल? बुडून मरायचा एखादा."

"मग ते जिवंत भेटेल म्हणून धावत यायचे?"

"छे हो. त्यांना कळायचं की." तो समजावून सांगायला लागला, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. "खरंच कोणी आजारी असलं तर ती काय आजार ते सांगायची. ताप, पाय मोडला, काय असेल ते. नुसतं गंभीर म्हटलं की संपलं. काळे कपडे घालूनच निघायची माणसं. पण सांगितलं जायचं ना. सव्वीस वर्षांत तिने एक निरोप दाबून ठेवला नाही, की बरं आहे म्हणून थाप मारली नाही. लोक काय म्हणायचे, निल्दाने वाचलं नाही म्हणजे तसं काही नाही." मग जरा थांबून, बोलण्याच्या भरात आपण बाईंचा वेळ घेतला असं वाटून, त्याने मूळ मुद्द्यावर येत विचारलं, "तर साधारण किती दिवस धरून चालू मी?"

तिने मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं. होकार, साठ दिवस, दुर्दैवाने. फोनच्या त्या टोकाला किटलीतलं पाणी तापत असल्याचा बारीक आवाज येत होता. ते उकळू द्यायचं नसतं, येर्बा जळते. तो उठून ते बंद करेल, मग आपण बोलू, असं तिने ठरवलं. तो उठला नाही. उत्तर ऐकायला थांबला होता.

"सेन्योर फागुंदेस," ती म्हणाली. "प्रकृती गंभीर आहे."

तिला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मग वाटलं गेलं, पण समजलं नाही, आणि आता सगळं सविस्तर सांगावं लागणार. किटली वाजायला लागली. ती पुष्कळ वेळ वाजली.

"कधीपासून?" त्याने विचारलं. आवाजात फरक म्हणावा तर नव्हता, फक्त तो हळू झाला होता.

"मेच्या दोन तारखेपासून."

"दोन मे." तो मनाशी काहीतरी जुळवत असावा, तेव्हापासूनच्या सकाळी मोजत असावा. "मी निघू का, पोरी?"

"नको," ती म्हणाली. "आता निघायची गरज नाही."

मग त्याने घसा साफ केला आणि तिचे आभार मानले, नीट, पत्रातल्यासारखे. इतके महिने झाले, तो म्हणाला, कचेरीतून कोणी एक अक्षर कळवलं नव्हतं. ती खिडकी तेवढी रोज काहीतरी सांगायची, तिच्यावर दिवस काढले. तुम्ही कोण कुठल्या, पण स्वतःहून फोन केलात, निल्दाला तुम्ही आवडला असता. ओफेलिया ऐकत राहिली. त्या खिडकीत रोज उमटणारा शब्द आपणच लिहिलेला आहे, हे सांगायला तिने दोनदा तोंड उघडलं. त्याने नमस्कार केला, तिनेही केला, आणि फोन ठेवला गेला.